जुने ब्लॅक अँड व्हाइट डिटेक्टिव्ह पिक्चर घरी बघायचे तर: बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्या सीमाभागात जुन्या पिक्चरची आवड असणारी माणसं कमी नाहीत, पण डिस्क कुठली घ्यायची, टीव्हीवर चित्र असं का दिसतंय, सुरुवात कुठनं करायची, हे प्रश्न सगळ्यांचे तेच ते असतात म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खाली ती परत परत येणार आहे. हे पिक्चर कंटाळवाणे नाहीत, आपण वर्षानुवर्षं त्यांच्या खराब कॉप्या बघत आलोय.

प्र. एवढे जुने काळे-पांढरे पिक्चर आज कशाला बघायचे ओ?

कारण डिटेक्टिव्हच्या गोष्टीत दाखवण्यापेक्षा लपवण्याला जास्त किंमत असते, आणि लपवायला अंधारासारखी जागा नाही. १९४१ चा 'द मॉल्टीज फाल्कन' घ्या. रात्री फोन वाजतो. पडद्यावर फक्त फोन आहे, जवळ घड्याळ, मागं उघडी खिडकी आणि वाऱ्यानं हलणारा पडदा. एक हात येतो, रिसीव्हर उचलून नेतो, आणि नुसता डिटेक्टिव्ह सॅम स्पेडचा आवाज ऐकू येतो, त्याच्या पार्टनरचा खून झालाय ही बातमी तो ऐकतोय आणि कॅमेरा त्या फोनवरनं हलायलाच तयार नाही. हंफ्री बोगार्टसारखा नट हाताशी असताना त्याचं तोंड दाखवायचं नाही असं जॉन ह्यूस्टननं ठरवलं, आणि दिग्दर्शक म्हणून हा त्याचा पहिलाच पिक्चर. आता हाच शॉट धुरकट कॉपीत बघा, खिडकी दिसत नाही, पडदा दिसत नाही, राखाडी चौकोनात एक फोन. मग माणूस म्हणणारच की काय बोअर आहे. चूक पिक्चरची नाही.

प्र. पहिला कुठला लावू?

घरात कोण कोण बसणार त्यावर आहे. नवरा-बायको दोघं मिळून बघणार असाल तर 'द थिन मॅन', १९३४ चा. विल्यम पॉवेल आणि मर्ना लॉय हे श्रीमंत, हजरजबाबी जोडपं, बरोबर आस्टा नावाचं कुत्रं, आणि खुनाचा तपास करता करता दोघांची जी टोलवाटोलवी चालते ती आजही ताजी वाटते. १९४७ पर्यंत या मालिकेत सहा पिक्चर झाले. त्यातला पहिला आणि १९३६ चा दुसरा हे सगळ्यात चांगले, पुढं पुढं जरा पातळ होत जातात पण ती जोडी आवडली की माणूस सहाही बघतोच.

खरा डिटेक्टिव्ह, खरी फसवाफसवी पाहिजे असेल तर वरचा 'मॉल्टीज फाल्कन'. त्यात सिडनी ग्रीनस्ट्रीट नावाचा एक अवाढव्य नट आहे, साठी ओलांडल्यावर पहिल्यांदा सिनेमात आलेला, त्याचं बोलणं आणि गडगडाटी हसणं कान देऊन ऐका. तिसरा 'लॉरा', १९४४. एका बाईच्या खुनाचा तपास करणारा इन्स्पेक्टर तिच्याच घरात, तिच्या मोठ्या तसबिरीखाली बसून राहतो, आणि हळूहळू त्या मेलेल्या बाईच्या प्रेमात पडायला लागतो. याच्या पुढचं एक अक्षर कुणाकडनं ऐकू नका.

इंग्लंडचा 'ग्रीन फॉर डेंजर' (१९४६) आपल्याकडं फार कमी जणांनी बघितलाय आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं. युद्धाच्या काळातलं हॉस्पिटल, ऑपरेशन टेबलावर पेशंट दगावतो, आणि तपासाला अ‍ॅलिस्टर सिम येतो. जपानी चालत असेल तर अकिरा कुरोसावाचा 'स्ट्रे डॉग' (१९४९): नवख्या डिटेक्टिव्हचं पिस्तूल बसच्या गर्दीत मारलं जातं आणि भर उन्हाळ्यात तो टोकियोभर ते शोधत हिंडतो. हा मे महिन्यातच बघावा असं माझं मत आहे, त्यातला घाम बघून आपल्यालाही पंखा वाढवावासा वाटतो.

प्र. आणि 'द थर्ड मॅन'? त्याचं नाव सगळे घेतात.

घ्यायलाच पाहिजे, पण तो सुरुवातीला नको, असले चार-पाच पिक्चर बघून झाल्यावर लावा म्हणजे त्यात काय वेगळं केलंय ते कळतं. १९४९, दिग्दर्शक कॅरल रीड, युद्धानं मोडलेलं व्हिएन्ना शहर, आणि पार्श्वसंगीताला अँटन कारासचं झिदर हे एकच तंतुवाद्य. रॉबर्ट क्रास्करला छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं ते या पिक्चरसाठी. त्यात एका दाराच्या कोनाड्यात कोणीतरी उभं आहे. दिसतात फक्त बूट, आणि त्या बुटांशी घुटमळणारं एक मांजर. समोरच्या घरातली कोणीतरी वैतागून दिवा लावते आणि उजेडाचा एक चौकोन दारावर पडतो. तिथं काय दिसतं ते लिहीत नाही. एवढंच सांगतो की या शॉटसाठी चांगल्या प्रिंटचे पैसे मोजावेत.

प्र. जुनं इंग्रजी आम्हाला झेपत नाही, फार फास्ट बोलतात.

फास्ट बोलतातच, त्या काळच्या अमेरिकन पिक्चरची तीच रीत होती. सबटायटल लावून बघा, त्यात लाजायचं काही कारण नाही, मी पण लावतो. डिस्क घेताना मागच्या बाजूला इंग्रजी सबटायटल आहेत का ते आधी बघायचं, कारण स्वस्तातल्या बऱ्याच डिस्कवर ते नसतातच. मराठी सबटायटल या पिक्चरना मिळणं जवळजवळ अशक्य. घरात म्हातारी माणसं असतील तर मधे दोन-तीनदा पॉज करून कोण कुणाचा कोण ते सांगा, आमच्याकडं आत्यासाठी असंच करतो, आणि खुनी कोण हे तिलाच सगळ्यांच्या आधी कळतं कारण ती वाचण्यात वेळ घालवत नाही, माणसांचे चेहरे बघत बसते.

प्र. यूट्यूबवर फुकट आहे की सगळं, डिस्क कशाला विकत घ्यायची?

सगळं नाहीये, आणि जे आहे ते कसं आहे ते बघा. अमेरिकेत १९६४ च्या आधीच्या पिक्चरचा कॉपीराइट २८ वर्षांनी रिन्यू करावा लागायचा. ज्यांनी तो केला नाही त्यांचे पिक्चर सार्वजनिक झाले, म्हणजे कुणीही कॉपी काढून विकावी किंवा नेटवर टाकावी. 'डी.ओ.ए.' (१९५०) हा त्यातलाच. एक माणूस पोलीस स्टेशनात येऊन सांगतो की मला एका खुनाची तक्रार द्यायचीय, आणि खून झालाय तो माझाच. सुरुवात ही असली! पण कायद्यानं मोकळा झाला म्हणून वाट्टेल त्याने, कितव्यातरी हातच्या झिजलेल्या प्रिंटवरनं कॉप्या काढल्या, आणि बहुतेकांनी बघितला तो तसाच.

फुकटची चव घ्यायला हरकत नाही, ते कायद्यातही बसतं. आवडला तर चांगली डिस्क शोधा. ज्यांचा कॉपीराइट चालू आहे ते मात्र चोरून उतरवू नका, कारण जुन्या निगेटिव्ह साफ करून स्कॅन करायला भरपूर पैसा लागतो आणि तो आपल्यासारख्यांनी डिस्क घेतल्या तरच परत येतो.

आणखी एक. यूट्यूबवरची कॉपी आज आहे, उद्या नाही. ओटीटीचंही तेच. कपाटातली डिस्क कुणी काढून नेत नाही.

प्र. दुकानात दोन डिस्क दिसतात, एक ९९ ची, एक ९०० ची. फरक कसा ओळखायचा?

कव्हर उलटं करून मागची बाजू वाचा. 'एका डिस्कवर चार पिक्चर' लिहिलं असेल तर ठेवून द्या. एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, दोन थरांच्यात ८.५, आणि चार पिक्चर कोंबायचे म्हणजे चित्र दाबून दाबून बसवावं लागतं. मग अंधाराच्या जागी चौकोनी ठिपके नाचायला लागतात, आणि आपल्या पिक्चरमध्ये तर अर्धा अधिक अंधारच असतो, म्हणजे मार बसतो तो नेमका इथंच.

पिक्चर काढणाऱ्या स्टुडिओचं नाव किंवा रिस्टोरेशन कुणी केलं ते छापलेलं असेल तर चांगली खूण. पिक्चरची लांबी बघा, शंभर मिनिटांचा पिक्चर ऐंशीचा लिहिला असेल तर मधलं काहीतरी गेलंय. इथं एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: युरोपातल्या किंवा आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर १०० मिनिटांचा पिक्चर ९६ मिनिटांचा दिसतो. त्यात कापाकापी नाही. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, पाल २५ नं पळवतं, म्हणून चार टक्के वेळ वाचतो आणि आवाज किंचित बारीक लागतो.

हिंदी जुन्या पिक्चरचं बोलायचं तर एक काळ असा आला की मोझर बेअर कंपनीनं डिस्क इतक्या स्वस्त केल्या की माणसं भाजीच्या पिशवीतनं घरी आणायची. त्या आजही रद्दीवाल्यांकडं, जुन्या सामानाच्या दुकानांत सापडतात. खडेबाजार, शनिवार खूट भागात हिंडताना नजर ठेवा, कॅम्पात कोणाची बदली झाली की घरातलं सामान निघतं त्यातही कधीकधी इंग्रजी डिस्कचा खोका असतो. विकणाऱ्याला विचारून डिस्क उजेडात तिरकी धरून बघायची आणि मगच पैसे द्यायचे.

प्र. व्हीसीडी चालेल का? घरी ढिगानं पडल्यात.

दुसरं काहीच मिळत नसेल तर. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६, ब्लू-रेचं १९२० बाय १०८०. जुन्या छोट्या टीव्हीवर व्हीसीडी खपून जायची, आजच्या ४३ इंचीवर नाही.

प्र. परदेशातली डिस्क मागवली तर आपल्या प्लेयरवर चालते का?

डिस्क कुठल्या देशांत चालावी याचं एक कुलूप असतं, त्याला रीजन म्हणतात. भारताचा डीव्हीडी रीजन ५, अमेरिकेचा १, इंग्लंडचा २. ब्लू-रेमध्ये भारत सी, अमेरिका ए, इंग्लंड बी. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी अमेरिकेहून आणलेली डिस्क आपल्या प्लेयरमध्ये घातली की 'रीजन चुकीचा' म्हणून अडते. आपल्या बाजारातले बरेच डीव्हीडी प्लेयर सगळे रीजन घेतात, घेताना दुकानदारासमोरच एखादी परदेशी डिस्क लावून बघा. ब्लू-रे प्लेयर याबाबतीत जास्त कडक असतात, पण बऱ्याच ब्लू-रे डिस्कवर मुळात रीजनचं कुलूपच नसतं. फोर-के यूएचडी डिस्कना रीजन नाही, जगात कुठलीही आणा. 'मॉल्टीज फाल्कन' फोर-केवर २०२३ मध्ये आलाय. पाठवणावळ आणि कस्टम धरून महाग पडतंय हे खरंय, म्हणून दोन-चार जणांनी मिळून एकदाच मागवणं बरं.

प्र. अण्णा, आमच्या टीव्हीवर दोन्ही बाजूला काळे पट्टे येतात. टीव्ही बिघडलाय का?

टीव्ही चांगला आहे, हात लावू नका! १९५३ च्या आधीचे जवळजवळ सगळे पिक्चर चौकोनी आकाराचे आहेत, रुंदी उंचीच्या १.३७ पट. आजचा टीव्ही १६:९. मधे चौकोनी चित्र बसलं की बाजूला काळं उरणारच. घरातलं कोणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणून पट्टे घालवतं आणि मग बोगार्ट बुटका आणि जाडा दिसतो. किंवा झूम करतं, मग डोक्यावरच्या टोप्या आणि खाली टेबलावरचा पुरावा दोन्ही कापलं जातं. पुरावाच कापला गेल्यावर डिटेक्टिव्ह पिक्चर बघायचा कशाला. सेटिंगमध्ये ४:३ किंवा 'ओरिजिनल' असं काही असेल ते निवडा आणि पट्ट्यांकडं लक्ष देऊ नका, लाईट घालवली की ते दिसतही नाहीत.

प्र. टीव्हीचं बाकी सेटिंग काय ठेवू?

हा प्रश्न कुणी विचारला की मला फार बरं वाटतं, कारण याला पैसा लागत नाही आणि फरक सगळ्यात जास्त इथंच पडतो.

टीव्ही दुकानात असतो त्याच 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोडवर घरी येतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो. तो बदलून 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' करा. शार्पनेस शून्यावर किंवा त्याच्या आसपास आणा. नॉइज रिडक्शन बंद, कारण ते पिक्चरच्या मूळ दाण्यांना कचरा समजून पुसतं आणि माणसांची तोंडं मेणाची करून टाकतं. हालचाल गुळगुळीत करणारं एक सेटिंग असतं, प्रत्येक कंपनीत वेगळं नाव, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो, ते बंद करा नाहीतर १९४४ चा पिक्चर संध्याकाळच्या सिरियलसारखा दिसतो. आजूबाजूच्या उजेडाप्रमाणं ब्राइटनेस आपोआप बदलणारं एक असतं, तेही बंद.

आता काळा रंग. ब्राइटनेस एवढाच ठेवा की काळा कोट आणि त्याच्यामागची काळी भिंत वेगवेगळी कळेल पण भिंत राखाडी होणार नाही. हे जमवायला सोपी युक्ती आहे: एखादा रात्रीचा सीन पॉज करा, बाजूच्या काळ्या पट्ट्याकडं बघा, आणि सीनमधला सगळ्यात गडद कोपरा त्या पट्ट्याच्या अगदी जवळ येईपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. चित्रात हिरवट-गुलाबी झाक दिसत असेल तर कलरचा आकडा सरळ शून्य करा, ब्लॅक अँड व्हाइटला त्याची गरजच नाही. झालं की दुसऱ्या दिवशी क्रिकेट बघणारे ओरडायच्या आत परत वाढवायला विसरू नका.

खोलीतली ट्यूब बंद पाहिजे. पूर्ण अंधार डोळ्यांना त्रास देत असेल तर टीव्हीच्या मागं एक छोटा दिवा ठेवा, समोर नको. नवीन टीव्ही घेणारच असाल तर ओएलईडीचा काळा सगळ्यात खरा, तेवढं बजेट नसेल तर एलईडीत व्हीए पॅनेल मागा, आयपीएसपेक्षा त्याचा काळा खोल असतो.

प्र. चित्रात बारीक दाणे हलतात. चांगली डिस्क म्हणून घेतली आणि हे काय?

ते दाणे म्हणजेच फिल्म. रिळावरच्या चांदीचे ते कण, आणि ते दिसतायत म्हणजे स्कॅन प्रामाणिक झालंय. ओरखडे, डाग, उड्या हे वेगळं, ते नुकसान. दाणे नुकसान नाहीत.

आणि नुकसान एवढं का झालं तेही कळायला पाहिजे. १९५० च्या आसपासपर्यंत रिळं नायट्रेटची असायची, ती भडकन पेट घेतात. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेट रिळं ठेवलेल्या गोदामाला आग लागली आणि आपल्या जुन्या पिक्चरची कितीतरी रिळं गेली. नंतरची अ‍ॅसिटेटची रिळं तशी भडकत नाहीत पण दमट हवेत कुजतात, व्हिनेगरसारखा वास सुटतो. अशा सगळ्यातनं वाचून जो पिक्चर आपल्या घरापर्यंत आलाय त्याच्या दोन-चार ओरखड्यांबद्दल मी तरी तक्रार करणार नाही.

प्र. रंगीत केलेली कॉपी मिळते, ती घेऊ का?

नको. १९८६ मध्ये 'मॉल्टीज फाल्कन' रंगीत करून टीव्हीवर दाखवला तेव्हा म्हाताऱ्या जॉन ह्यूस्टननं उघडपणे विरोध केला, आणि त्याचं बरोबर होतं. कॅमेरामन दिवे लावतो ते राखाडीच्या छटा डोळ्यासमोर ठेवून, नंतर कुणीतरी कोटाला तपकिरी आणि भिंतीला निळा रंग दिला की सावली मरते. घरातली पोरं ब्लॅक अँड व्हाइट बघायला तयार नाहीत म्हणून रंगीत आणायचा विचार असेल तर त्यापेक्षा साठ-सत्तर मिनिटांचा छोटा पिक्चर लावा, दहा मिनिटांत रंग नाही हे ती विसरतात.

प्र. छोटा म्हणजे कुठला?

बॅझिल रॅथबोनचे शेरलॉक होम्स! १९३९ ते १९४६ मध्ये चौदा झाले, वॉटसन प्रत्येकात नायजेल ब्रूस. पहिले दोन जुन्या घोडागाडीच्या लंडनमधले, पुढचे बारा युनिव्हर्सलनं काढले आणि होम्सला सरळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणून सोडला, काही तर नाझी हेरांच्या मागावर. मूळ गोष्टींवर जीव असणाऱ्यांना हे खटकतं, पण रॅथबोन इतका फिट बसलाय की पाच मिनिटांनी काही वाटत नाही. 'टेरर बाय नाइट' तासाभराचा आहे, जवळजवळ सगळा रेल्वेत घडतो, लंडनहून एडिंबराला चाललेली रात्रीची गाडी आणि तिच्यात एक हिरा. राणी चेन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीचा बेंगळुरूचा प्रवास ज्यांनी केलाय त्यांना ते अरुंद पॅसेज आणि बंद दारं लगेच ओळखीची वाटतील.

या युनिव्हर्सलच्या बारांपैकी चार सार्वजनिक झालेत, 'टेरर बाय नाइट' त्यातलाच, म्हणून त्यांच्या भिकार कॉप्याही भरपूर फिरतात. अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या फिल्म अर्काइव्हनं हे बाराही पिक्चर रिस्टोअर केलेत, डिस्कवर ते नाव असेल तर डोळे झाकून घ्या.

प्र. आपल्या भाषेत काही आहे की नाही?

आहे की, आणि भरपूर आहे.

हिंदीत सुरुवात 'सी.आय.डी.'नं (१९५६). दिग्दर्शक राज खोसला, निर्माता गुरुदत्त, देव आनंद इन्स्पेक्टर, आणि वहिदा रेहमानचा हा पहिला हिंदी पिक्चर. गाणी ओ. पी. नय्यरची, ती सगळ्यांना पाठ असतात, पण गाण्यांच्या मधला पिक्चर नीट बघितलेली माणसं कमी. कॅमेरा व्ही. के. मूर्तींचा. हे मूळचे म्हैसूरचे, पुढं दादासाहेब फाळके पुरस्कार मिळालेले पहिले कॅमेरामन. गुरुदत्तचा जन्मही बेंगळुरूचा. म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरच्या त्या सावल्यांमागं कर्नाटकातली दोन माणसं आहेत, आणि आपण इथं राहून ते माहीत नसावं हे बरं नाही.

मग 'कानून' (१९६०), बी. आर. चोप्रांचा, एकही गाणं नाही. 'बीस साल बाद' (१९६२), होम्सच्या कुत्र्याच्या कथेची आपल्याकडची सावली. 'वो कौन थी' (१९६४) साधनासाठी आणि मदनमोहनसाठी. तमिळमध्ये तर 'अंद नाळ'नं १९५४ मध्येच गाणी-नाच सगळं वगळून सरळ खुनाचा तपास मांडला होता, शिवाजी गणेशन त्यात आहे. बंगालीत सत्यजित राय यांचा 'चिडियाखाना' (१९६७), उत्तमकुमार ब्योमकेश बक्षी. त्याला दिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, तरी रायच्या पिक्चरमध्ये मी त्याला वर ठेवणार नाही, मधे फार रेंगाळतो.

मराठीत 'पाठलाग' (१९६४), राजा परांजपे यांचा. वकिलाची बायको वारते आणि मग पोलीस एका बाईला धरून आणतात, ती हुबेहूब तशीच. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना. 'या डोळ्यांची दोन पाखरे' हे गाणं त्यातलंच. यावरनंच हिंदीत 'मेरा साया' झाला, तो रंगीत. दोन्ही बघितलेत त्यांना विचारा, कोर्टाचे सीन मराठीत जास्त घट्ट आहेत, मी तरी 'पाठलाग'च्याच बाजूनं.

आणि कन्नड सोडू नका, आपल्यातल्या बहुतेकांना कळतं. 'जेडर बले' (१९६८), डॉ. राजकुमार सीआयडी ९९९. डिटेक्टिव्हपेक्षा गुप्तहेर म्हणायला पाहिजे, पण मजा तीच. घरी मराठी आणि गल्लीत कन्नड अशी माणसं एकत्र बसणार असतील तर याच्याइतका चांगला पिक्चर नाही.

प्र. या सगळ्यात खुनी शेवटी पकडलाच कसा काय जातो?

हॉलिवूडमध्ये १९३४ पासून एक आचारसंहिता कडकपणे लावली गेली, ती १९६८ पर्यंत होती. गुन्हेगार सुटलेला दाखवायचा नाही हा त्यातला एक नियम. म्हणून शेवट काय हे अर्धं माहीत असतंच, कसा आणि कुणाला काय किंमत मोजावी लागणार हे माहीत नसतं, आणि चांगल्या दिग्दर्शकांनी सगळी ताकद तिथं लावली.

प्र. 'द बिग स्लीप' दोनदा बघितला, गोष्ट कळलीच नाही.

कुणालाच पूर्ण कळत नाही. त्यातल्या एका ड्रायव्हरला कुणी मारलं हे शूटिंगच्या वेळी मूळ कादंबरीकार रेमंड चँडलरला विचारलं तर त्यालाही सांगता आलं नाही. बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांच्यासाठी बघा. याच्या दोन आवृत्त्या आहेत, एक १९४५ मध्ये परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवलेली, आणि दुसरी काही सीन नव्यानं शूट करून १९४६ मध्ये लागलेली. काही डिस्कवर दोन्ही मिळतात. पहिल्या आवृत्तीत तपास जास्त स्पष्ट करून सांगितलाय, दुसरीत दोघांची जोडी जास्त आहे.

'थर्ड मॅन'चंही तसंच, ब्रिटिश आवृत्ती अमेरिकेतल्या आवृत्तीपेक्षा अकरा मिनिटांनी मोठी, तीच घ्यायची. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ एव्हिल'ची (१९५८) तर तीन रूपं आहेत. स्टुडिओनं कापाकापी केल्यावर वेल्सनं ५८ पानांचं पत्र लिहिलं होतं, ते समोर ठेवून १९९८ मध्ये तो परत जोडला. पहिल्यांदा बघताना ही १९९८ ची आवृत्ती लावा.

प्र. आवाज चिरका येतो, साउंडबार घ्यावा का?

त्या काळचा आवाज मोनो आहे. साउंडबार असेल तर त्याचे सराउंड वगैरे बंद करा, 'व्हॉइस' किंवा साधा स्टिरिओ ठेवा. बास वाढवू नका, जुन्या ट्रॅकमध्ये खाली फक्त घरघर असते.

प्र. डीव्हीडी प्लेयर आता मिळत नाही म्हणे?

मिळतो, फक्त दुकानात दोन-तीनच असतात, मागवून देतात. एचडीएमआयवाला घ्या, पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीवर चित्र पडेल येतं. लॅपटॉपला यूएसबी ड्राइव्ह लावून व्हीएलसीवर बघितलं तरी चालतं, हालचालीत कंगव्यासारख्या रेषा दिसल्या तर व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करा.

प्र. आमच्या खानापूर-कणकुंबीकडं पावसात सगळ्याला बुरशी येते. डिस्क टिकवायच्या कशा?

जून ते सप्टेंबर डिस्क जमिनीलगतच्या किंवा बाहेरच्या भिंतीतल्या कपाटात ठेवू नका. उभ्या ठेवा, आडव्या थप्पीत नको. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. कव्हरचा कागद आधी ओला होतो आणि बुरशी तिथनं सुरू होते, म्हणून पावसाआधी कव्हर एकदा उघडून सुकवून घ्या. प्लेयरही महिनाभर बंद ठेवू नका, आठवड्यातनं एकदा तासभर चालू राहिला की आतली ओल उडते आणि लेन्स धुरकट होत नाही.

डिस्क पुसायची तर मधून बाहेर सरळ रेषेत, मऊ कापडानं, गोल गोल कधीच नाही. माहिती गोल ओळीत लिहिलेली असते, आडवा ओरखडा प्रत्येक ओळीतला थोडाच भाग खातो आणि प्लेयर तो भरून काढतो, पण ओळीच्या दिशेनं ओरखडा गेला की सलग मोठा तुकडा जातो आणि पिक्चर तिथंच अडकतो. बुरशीचे डाग असतील तर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, धुवून पूर्ण सुकवायचं. व्हीसीडीची छापील बाजूही जपा, तिचा चकाकणारा थर वरच्या छपाईच्या लगेच खाली असतो, तो खरवडला की गेली. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मधे सुरक्षित असतो.

प्र. चार लोकांना बोलवून बघायचं आहे, काही सूचना?

आधी स्वतः पहिली दहा मिनिटं लावून बघा, सबटायटल, आकार, आवाज सगळं जुळवून ठेवा, पाहुणे आल्यावर रिमोटशी झटापट नको. तासाभराचा पिक्चर असेल तर मधे थांबू नका. मोठा असेल तर चहा मधे एकदाच, आणि तिथं प्रत्येकाला खुनी कोण ते कागदावर लिहायला लावा, आमच्याकडं चुरमुऱ्याच्या पुडीच्या कागदावर लिहितात आणि डब्यात टाकतात. ज्यानं आधी बघितलाय त्यानं लिहायचं नाही आणि हसायचंही नाही. दारातनं कोणी डोकावून "काय बघालाय रे?" विचारलं तर आत बोलवा पण आतापर्यंतची गोष्ट त्याला इंटरव्हलमध्येच सांगा. पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो, टीव्ही आणि प्लेयर दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर घ्या, कारण लाईट परत आल्यावर काही प्लेयर पिक्चर पहिल्यापासून सुरू करतात, म्हणून चॅप्टरचा नंबर अधनंमधनं बघून ठेवायचा.

प्र. डिस्क उसनी द्याल का?

देतो, इथंच राहणाऱ्याला आणि वरचं टीव्हीचं सेटिंग आधी करून घेणाऱ्याला. नाव वहीत लिहून ठेवतो, पंधरा दिवसांत परत पाहिजे, आणि शेवट कुणाला सांगायचा नाही.